सोलापुरात आठ दिवसांचं शिबिर, मधे एकच सुट्टी : जुन्या मित्रांना कसं भेटावं?

साचेखातं | १९ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. सल्ला हवा आहे आणि तो गुरुवारच्या आत हवा आहे.

मी मूळचा सोलापूरचा. १९९६ साली दहावी झालो आणि त्याच जूनमध्ये आम्ही गाव सोडलं. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. (आमच्याकडे मागाला साचा म्हणतात.) मिल बंद पडली. थकलेला पगार आज मिळेल, उद्या मिळेल म्हणत दीड वर्ष गेलं आणि शेवटी मामांनी नाशिकला बोलावून घेतलं. आता नाशिकला माझं चष्म्याचं लहानसं दुकान आहे. सहा वर्षांपासून दर जानेवारीत एका संस्थेच्या पथकाबरोबर डोळे तपासणीच्या शिबिराला जातो. मानधन नाही, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, राहण्या-जेवणाची सोय संस्थेची. आजवर नंदुरबार, धारणी, एटापल्ली अशी गावं झाली. यंदाच्या यादीत सोलापूर दिसलं तेव्हा सगळ्यात आधी मी नाव दिलं.

शिबिर विडी कामगार बायकांसाठी आहे. आज कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत पहिला दिवस झाला. दहा हजार घरांची ही वसाहत मी गाव सोडल्यानंतर दहा वर्षांनी उभी राहिली, त्यामुळे मलाही ती नवीच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूचं ओलसर पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हे सगळं डोळ्यांपासून फूटभर अंतरावर चालतं. चाळिशी उलटली की नेमकं तेच अंतर धूसर होत जातं, हात मंदावतो, नीट न बांधलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढल्या जातात. दीड, दोन, अडीच नंबरचा साधा जवळचा चष्मा मिळाला तर हात पुन्हा पहिल्यासारखा चालतो. आज एका बाईंनी दोनचा चष्मा लावला आणि विडीकडे न बघता आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "किती चिरलीत की."

आता माझा प्रश्न. गुरुवारी, २२ तारखेला, पथकाला सुट्टी आहे. मला चार जणांना भेटायचं आहे. नावं लिहीत नाही. एक आमच्या शेजारच्या बोळातला, तेलुगू घरातला, आज त्याचा चादरीचा छोटा कारखाना आहे. त्याला कारखानेवाला म्हणू. दुसरा रेल्वेत आहे. तिसरी आमच्या वर्गातली, आता शिक्षिका. चौथा माझ्या बाकावर बसायचा. चौघांचे नंबर गेल्या वर्षी मिळाले. दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या, त्यांच्याही आल्या. त्यापुढे बोलणं झालेलं नाही.

रविवारपासून मी सोलापुरात आहे आणि अजून कुणालाही कळवलेलं नाही. कामाच्या गडबडीत राहिलं असं म्हणता येईल, पण खरं कारण वेगळं आहे. कारखानेवाल्याची सायकल माझ्याकडे राहिली होती. गाव सोडलं त्या दिवशी सामानाच्या दोन फेऱ्या मी तिच्यावरून केल्या आणि सायकल स्टेशनच्या सायकल स्टँडवर लावली. पावती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवली आणि त्याला द्यायला सांगितलं. त्याच्या घरी गेलो नाही. वडिलांनी कुणालाही न सांगता निघायचं ठरवलं होतं, देणी होती. पावती त्याला मिळाली का, हे मला आजही माहीत नाही.

एका दिवसात चौघांना भेटायचं की एकालाच? आधी कळवावं की सरळ दारात उभं राहावं? आणि सायकलचं मी काढावं का?

उत्तर_कसबा | १९ जानेवारी, रात्री ११.१५

आत्ताच्या आत्ता फोन करा. अकरा वाजले म्हणून थांबू नका, कारखानेवाले इतक्या लवकर झोपत नाहीत.

सोलापूरचा माणूस तुम्ही, तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावात येऊन घरी उतरला नाही याचा राग आपल्याकडे येतोच. आज कळवलं तर तो राग आज येईल, उद्या कमी होईल आणि गुरुवारपर्यंत माणूस शेंगा भाजायला लागलेला असेल. गुरुवारी सकाळी कळवलं तर पाच दिवसांचा राग एकदम समोर येईल आणि तुमच्या हातात वेळच नसेल. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत हे घडलंय. चार दिवस लॉजवर राहिला, निघायच्या दिवशी दोन तासांसाठी घरी आला. आमच्या वडिलांनी त्याला जेवायला वाढलं, पण शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

दारात अचानक उभं राहणं वगैरे नको. घरात कोण आजारी असेल, काय अडचण असेल, आपल्याला ठाऊक नसतं.

चंद्रभागा_तीर | २० जानेवारी, सकाळी ६.५०

मी डॉक्टर आहे. आषाढीला दरवर्षी वैद्यकीय पथकात पंढरपूरला असतो, ६५ एकर म्हणतात त्या वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या मैदानात आमचा तंबू असतो. माझा अनुभव सांगतो, तुम्हाला उपयोग होईल.

पहिल्या वर्षी मधे अर्धा दिवस मोकळा मिळाला. कॉलेजातला मित्र गावातच राहतो, त्याच्याकडे गेलो. खांद्यावर पिशवी तशीच होती, त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र. त्याच्या आईने म्हटलं, बाळा, जरा बघ ना. बघितलं. मग शेजारच्या आजी आल्या, मग समोरचे काका. साडेतीन तास मी त्या ओसरीवर रक्तदाब मोजत बसलो. मित्र आलेल्या माणसांना पाणी देत होता. निघताना आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण बोलायचं ते राहून गेलं ते राहूनच गेलं. तो पुढच्या वर्षी बदली होऊन लांब गेला.

तेव्हापासून नियम केला आहे : सुट्टीच्या दिवशी मित्राच्या घरी जाताना पथकाचं काहीही अंगावर नको. ओळखपत्र नको, पिशवी नको, छापील टी-शर्ट तर नकोच. तुमच्याकडे भिंगांची पेटी असेल, ती मुक्कामी ठेवून जा. कारखानेवाल्याच्या घरात विड्या वळणारं कुणी असेल तर नक्की विचारतील. त्यांना शिबिराचा दिवस आणि जागा सांगा.

एका दिवसात दोन घरं, त्याहून जास्त नको.

निळाई | २० जानेवारी, सकाळी ९.०५

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

मी अकरा वर्षं अशा पथकांचं संयोजन केलं आहे. सुट्टीचा दिवस असतो तो झोपेसाठी. तीन दिवसांत हजारभर डोळे तपासलेला माणूस चौथ्या दिवशी गावभर फिरला की पाचव्या दिवशी त्याचं लक्ष उडतं. नंबर चुकतो. तो चुकीचा नंबर एका बाईच्या नाकावर पुढची दोन वर्षं राहतो. भावनिक भेटी तर फिरण्यापेक्षाही थकवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सोलापूरचंच उदाहरण देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. तिकडे असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले, वय अवघं ३२. सेवेला गेलेल्या माणसाने आपलं खासगी थोडं बाजूला ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. मित्रांना भेटायला फेब्रुवारीत वेगळी रजा काढून या. तीस वर्षं थांबलेली भेट महिनाभर आणखी थांबेल.

पुणे_मुक्कामी | २० जानेवारी, सकाळी १०.३०

निळाईताई, झोपेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कोटणीसांचा मला उलटा दिसतो.

मी भैय्या चौकाजवळ वाढलो, त्यांचं स्मारक झालं ते त्यांचं जुनं घर आमच्या रोजच्या वाटेवर होतं. कोटणीस चीनमध्ये नुसते काम करून थांबले नाहीत. तिथली भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. जिथे गेले तिथल्या माणसांच्या घरातले झाले. साचेखातं तर जिथे गेलेत तिथलेच आहेत. त्या गावात आठ दिवस राहून एकाही घरात जेवायचं नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

आणि फेब्रुवारीत वेगळं येणं होत नसतं हो. मी पुण्यात राहतो, हुतात्मा एक्सप्रेसने संध्याकाळी सहाला बसलं की रात्री दहाच्या आसपास सोलापूर. एवढं सोपं असूनही माझं वर्षातून एकदा होतं. नाशिकहून कधी होणार?

मालदांडी | २० जानेवारी, दुपारी १.२०

सल्ला असा नाही, एक सावधगिरी. जानेवारी आहे, कुणीतरी "चला, रानात हुरड्याला" म्हणणार. मन मोडवत नाही. पण रानात जायचं, आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम गरम चोळून खायचं आणि परत यायचं यात अख्खा दिवस जातो आणि सोबत वीस माणसं असतात. तीस वर्षांनी भेटलेल्या दोघांना वीस माणसांत बोलता येत नाही. हुरडा पुढच्या वर्षी.

आणखी एक. तुमच्या पथकातले लोक म्हणतील, तुम्ही इथले, आम्हाला फिरवा. त्यांना सकाळी लवकर एसटीत बसवून द्या. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस. दर्शन करून चारपर्यंत परत येतात. संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर, तळं आणि होम मैदानावर गड्डा यात्रेचे पाळणे अजून आहेतच. त्यांचा दिवस तुमच्यावाचून छान जाईल.

साचेखातं | २० जानेवारी, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. उत्तर_कसबा, काल तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा साडेअकरा झाले होते. तरी फोन लावला.

कारखानेवाल्याने उचलला. मी नाव सांगितलं. मागे साच्यांचा आवाज होता, तो बाहेर आला असावा, आवाज कमी झाला. पहिलं वाक्य, "का बे, कुठनं बोललालास?" कुंभारीतून म्हटलं. मग शांतता. मग, "कवा आलास?" रविवारी म्हटलं. परत शांतता. मग म्हणाला, "आन उतरलास कुठं बे? लोकाच्यात?" बस, एवढंच. त्यानंतर त्याने बाकी काही विचारलं नाही, "गुरुवारी सकाळी सातला ये, माझं पाणी हाय," म्हणाला आणि ठेवून दिला.

रेल्वेतल्याची बुधवारी रात्रपाळी आहे, गुरुवारी दुपारी तीनला उठून तो चहाला भेटेल. शिक्षिका मैत्रिणीची शाळा पाचला सुटते.

चौथ्याने, बाकावरच्याने, नको म्हटलं. सरळ आणि शांतपणे. "बरं वाटलं फोन केलास, पण भेटायला नको," म्हणाला. मी कारण विचारलं नाही.

निळाईताई, तुमचा मुद्दा मनात ठेवला आहे. बुधवारी रात्री नऊलाच झोपेन आणि गुरुवारी आठच्या आत मुक्कामी परत येईन, संयोजकांनाही तसं सांगितलं आहे.

निळाई | २० जानेवारी, रात्री १०.४०

हे चांगलं केलंत. चौथ्याचं मनाला लावून घेऊ नका, पण पुन्हा फोनही करू नका. त्याच्याकडे आता तुमचा नंबर आहे.

उत्तर_कसबा | २० जानेवारी, रात्री १०.५५

"माझं पाणी हाय" वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाहेरगावच्या लोकांसाठी : सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी पाळी येते. पाळीच्या दिवशी घर सोडून कुणी हलत नाही. त्या वेळेला बोलावलं म्हणजे तुम्हाला पाहुण्यात धरलेलं नाही. घरच्यात धरलंय. जुने कपडे घालून जा.

साचेखातं | २३ जानेवारी, रात्री ९.३०

कालचा दिवस लिहितो. आज शिबिरात नीलमनगरला होतो, आत्ता जेवून बसलो.

सातला पोचलो. घर तेच, पण वर एक मजला चढलाय आणि मागच्या पडवीत आता चार साचे आहेत, जकार्डच्या चादरी निघतात. दारातच अम्मा बसली होती. सत्तरीच्या पुढची. सूप मांडीवर, पानं, कात्री. अजून वळते. तिने मान वर करून बघितलं. मला वाटलं, ओळखणार नाही. तिने हाक मारली, "एप्पुडु वच्चिनव्?" कधी आलास. तीस वर्षांपूर्वी शाळेतून आलो की हाच प्रश्न असायचा आणि त्याच्यामागून "तिन्नवा?" जेवलास का. माझं तेलुगू एवढंच, पण एवढं अजून शिल्लक आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

मी अजून उंबऱ्यातच उभा, तेवढ्यात आतून ओरडा आला, "पाणी आलं!" आणि त्यानंतर दोन तास कुणी कुणाकडे बघितलं नाही. खाली हौद, मग मोटर लावून वरची टाकी, तोवर बादल्यांनी पिंप, न्हाणीतला रांजण, स्वयंपाकघरातले हंडे, कळशा. प्यायचं पाणी फडक्यातून गाळून वेगळं. त्याची सून मला अहो-जाहो करत होती, ते त्याने तिसऱ्या बादलीला थांबवलं, "काका म्हण की."

सायकलचं मी काढायचं की नाही, हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. पिंप भरताना आम्ही दोघंच मागे होतो. मी नळी धरली होती. त्याने पिंपात बघत म्हटलं, "अकरा दिवसांचं भाडं दिलो बे स्टँडला."

पावती त्याला मिळाली होती, पण अकरा दिवसांनी. किराणावाला गावाला गेला होता. तोवर त्याच्या वडिलांनी सायकल विकून पैसे उडवले असं समजून त्याला मारलं होतं. सायकल त्याच्या वडिलांची होती, कारखान्यावर जायची. मला हेही तेव्हा माहीत नव्हतं, मी ती त्याचीच समजत होतो. अकरा दिवस वडील पूर्व भागातून पायी कामावर गेले. त्याने स्टेशनवर जाऊन सायकल सोडवून आणली आणि वडिलांना पावती दाखवली. वडील काही बोलले नाहीत म्हणे.

मी म्हटलं, चुकलं माझं. घरी येऊन सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "सायकलचं नाही रे. तू जाताना सांगितला नाहीस." पिंप भरून वाहायला लागलं होतं. त्याने माझ्या हातातली नळी घेतली आणि शेजारच्या टिपात सोडली. मी तिथेच उभा राहिलो. त्या देण्यांचं मी त्याला सांगितलं, वडील रात्री कसे बसून असायचे तेही. माझ्या बायकोलाही हे मी नीट सांगितलेलं नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, त्याच्या वडिलांनाही माझ्या वडिलांच्या मिलमधूनच सूत जोडायला शिकून बाहेर पडावं लागलं होतं, आणि मिल बंद झाली तेव्हा बोळातल्या किती घरांत चूल कशी पेटत होती, हे त्याला घरोघर माहीत आहे. आम्हीच तेवढे लपवून गेलो असं मला वाटत होतं. बोळात सगळ्यांना ठाऊक होतं.

नऊला जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि अंबाडीची भाजी. त्यांच्या घरात तिला पुंटिकूर म्हणतात. अम्मा समोर बसून वाढायला लावत होती.

आणि मग चंद्रभागा_तीर यांनी सांगितलं होतं तसंच झालं. अम्मा म्हणाली, तू चष्मेवाला झालास ना, मला बघ. दोरा दिसत नाही, अंदाजाने बांधते. माझ्याकडे काही नव्हतं. पेटी मुक्कामी होती. मी तिला शनिवारचं सांगितलं, अशोक चौकाजवळ शिबिर आहे, सकाळी लवकर येऊन टोकन घ्या. कारखानेवाल्याचा चेहरा बदलला. "तू असताना अम्मानं रांगेत बसायचं?" मला काय उत्तर द्यावं कळेना. मी एवढंच म्हणालो की रांगेत तिच्याच बोळातल्या बायका असतील आणि त्या बघत असतील. तो काही बोलला नाही. अम्मानेच विषय संपवला. "वस्ता," म्हणाली. येते.

साडेअकराला निघालो. निळाईताई, मुक्कामी येऊन दोन तास झोपलो, खरंच.

दुपारी रेल्वेतला भेटला, स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर चाळीस मिनिटं. त्याच्याशी बोलताना काहीच अवघड गेलं नाही, कालच भेटल्यासारखा. पोरांची शिक्षणं, त्याची पाठदुखी, माझा गुडघा. जुना सायकल स्टँड कुठे होता ते मी त्याला विचारलं, त्याने हाताने दाखवलं. आता तिथे गाड्या लागतात.

शिक्षिका मैत्रीण साडेपाचला पार्क चौकात आली. सोबत मुलगी होती, बारावीतली. डिस्को भजी घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. तिने शाळेतली गोष्ट सांगितली. आठवीत वर्गात माझा फळ्यावरचं वाचण्यात गोंधळ व्हायचा आणि बाकावरचा मित्र मला वहीत लिहून दाखवायचा, तिला हे आठवत होतं. मला अजिबात आठवत नव्हतं. मला लांबचा चष्मा नववीत लागला. त्याआधीचं वर्षभर तो माझ्यासाठी फळा उतरवून देत होता.

भेटायला नको म्हणाला तो हाच.

पुणे_मुक्कामी | २३ जानेवारी, रात्री १०.१०

दोनदा वाचलं. लिहिण्यासारखं काही सुचत नाही.

मालदांडी | २३ जानेवारी, रात्री १०.२५

अम्माला रांगेत बसवायचा निर्णय मला पटला नाही, स्पष्ट सांगतो. तुम्हाला लहानपणी जिने जेवू घातलं तिला एक दीडशे-दोनशे रुपयांचा चष्मा तुम्ही दुकानातून पाठवू शकता. त्यात कुणाचं काही हिरावलं जात नाही. नियम शिबिराला, आईला कसला?

चंद्रभागा_तीर | २४ जानेवारी, सकाळी ७.००

मालदांडी, भावना समजते. पण सत्तरीच्या बाईला दोरा दिसत नाही याचं कारण नुसता जवळचा नंबर असेल असं नाही. मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचं काही असू शकतं. चष्मा पाठवला तर थोडं बरं दिसतं आणि खरी तपासणी लांबते. रांगेतच तिची पूर्ण तपासणी होईल. दुसरं, रांगेत बसलेल्या बायका हिशेब ठेवतात आणि तो बरोबर असतो. स्वयंसेवकाच्या ओळखीची म्हणून एक पुढे गेली की दुपारपर्यंत सगळी रांग मोडते. मी तंबूत हे अनुभवलं आहे.

निळाई | २४ जानेवारी, सकाळी ८.१५

सहमत. आणि साचेखातं, तुम्ही आज शिबिरात असाल. तिची तपासणी तुम्ही करू नका, दुसऱ्या कुणाला करू द्या. आपल्या माणसाचा नंबर काढताना आपण जास्त घाई करतो किंवा जास्त वेळ घेतो.

साचेखातं | २५ जानेवारी, दुपारी ४.००

आज समारोप झाला, सामान बांधलं, रात्रीची बस आहे. अम्माचं लिहून जातो, मालदांडी यांनी विचारलं म्हणूनही.

काल मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो, निळाईताईंचं वाचून मुद्दाम मागून घेतलं. अम्मा सव्वानऊला आली. सोबत तो आला नव्हता, सून होती. तिचं टोकन ६१ होतं. पावणेदोन तास बसली, शेजारणींशी बोलत. तिच्या पुढे आमच्याच जुन्या बोळातल्या दोघी होत्या, त्यांनी मला ओळखलं, वडिलांची चौकशी केली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तेही त्यांना सांगितलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. पिकत आलाय. डावा बरा आहे, त्याला जवळचा तीनचा चष्मा दिला. ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्याची चिठ्ठी दिली आहे, सून घेऊन जाणार आहे. अम्माला तपकिरी फ्रेम दिली होती, ती तिने परत केली आणि काळी मागून घेतली.

दुपारी कारखानेवाल्याचा फोन आला. मोतीबिंदूचं सगळं नीट विचारून घेतलं, कोणत्या दिवशी न्यायचं, आधी साखर तपासायची का, पट्टी किती दिवस. रांगेचं काही काढलं नाही. शेवटी म्हणाला, पुढच्या खेपेला घरी उतरायचं, शिबिराला पाहिजे तर इथनं जा. मी हो म्हटलं.

संयोजकांनी सगळ्यांना सूचना विचारल्या होत्या. मी लिहून दिलं की ज्या गावात पथकातल्या कुणाची माणसं आहेत तिथे सुट्टी पाचव्या दिवशी न ठेवता दुसऱ्या दिवशी ठेवावी.

बाकावरच्याचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. नोंदणीच्या टेबलावर काल त्याच्या आडनावाच्या एक बाई आल्या होत्या, पत्ता त्याच्याच पेठेतला. मी त्यांना फक्त वय विचारलं आणि टोकन दिलं.